आधी कोणाची पोरगी

माझा धाकटा भाऊ आमच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहतो. त्याच्याकडे आज काय शिजतंय ते मला खाली वासावरून कळतं, आणि ते आमच्यापेक्षा चांगलंच असणार, असं मी ताटावर बसायच्या आधीच ठरवून टाकतो. पन्नाशी उलटली तरी ही सवय गेली नाही. भाऊ भला माणूस आहे. तो वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं.

हे लिहू का, असं मी माझ्या मुलीला विचारलं. ती आता कॉलेजात आहे. म्हणाली, "लिहा. पण माह्याबद्दल कमी लिहा अन् तुमच्याबद्दल जास्त." तसंच करायचा प्रयत्न करतो. पण गोष्ट तिच्या दुखण्याची आहे, ते टाळून सांगता येत नाही.

आम्ही विणकरांच्या घरातले. खालच्या खोलीत, जमिनीत खड्डा करून, बाबांचा माग बसवलेला होता. मी थोरला, पण बाबा मागावर बसवायचे ते धाकट्याला. "तुहा हात जड आहे. सूत तुटते," असं मला म्हणाले तेव्हा मी शाळेत होतो. तेवढं बोलून ते पुन्हा कामाला लागले. त्यांच्या दृष्टीने ती सुताची गोष्ट होती. मी ती जन्मभर बाळगली. पुढे मी आयटीआय करून बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात लागलो आणि यंत्रमागांवर देखरेख करू लागलो. भावाच्या हातात कसब होतं, पण हातमागावर पोट भरेना, तेव्हा त्याने इतवारीत चादरी-सतरंज्यांचं दुकान टाकलं. तेही चांगलं चाललं.

माग मोडीत काढायच्या आधी बाबांनी एक शेवटची साडी विणली. हिरवं सूत, लाल रेशमी काठ. पदराशी चार बोटं त्यांनी हट्टाने भावाकडून विणून घेतली. मी दारात उभा होतो. मला बोलावलं नाही.

आमच्यात मुलीला न्हाण आलं की पाचव्या दिवशी तिला न्हाऊ घालतात, पाटावर बसवतात, पाच बायका ओटी भरतात आणि घरच्या मागावरची साडी तिच्या खांद्यावर टाकतात. घरची साडी म्हणजे बाजारातली नव्हे. आता घरात माग उरणार नव्हता आणि साडी एकच होती. माझी मुलगी आणि भावाची मुलगी, दोघी तेव्हा लहान. माझी काही महिन्यांनी मोठी. बाबांनी साडी पेटीत ठेवली आणि आम्हा दोघांना सांगितलं, "यातली जी पोरगी पहिले मोठी होईल तिच्या खांद्यावर टाकजा. मी नसलो तरी टाकजा."

माझी मोठी होती, म्हणून साडी तिचीच, असं मी धरून चाललो. बाबांची एक तरी वस्तू भावाला वगळून माझ्या घरात येणार होती. पेटीही खालीच, माझ्याकडे होती.

मुली मोठ्या होऊ लागल्या तशी माझी नजर सारखी दोघींना मापायची. भावाची मुलगी भरभर उंच झाली. माझी चौदाव्यात आली तरी काही नाही. मी बायकोला आडून आडून विचारायचो. ती म्हणायची, "येईल तेव्हा येईल. तुम्ही काहून घाई करून राहिले?"

एका संध्याकाळी भाऊ खाली आला. दारातच घुटमळला. बाप म्हणून असं काही सांगताना लाज वाटते, तशी त्याला वाटत होती, पण चेहरा आनंदाने उजळलेला.

"दादा, पोरगी मोठी झाली गा आपली," तो म्हणाला.

बायको सुपात तांदूळ निवडत होती. मला काय झालं ठाऊक नाही. म्हणजे ठाऊक आहे. मी म्हणालो, "अरे, आमचीही झाली ना! दिवाळीत कुहीले मामाच्या गावी गेली होती, तेव्हाच झाली. म्हटलं, दोघींचं सोबतच करू."

सुपातला हात थांबला. बायकोने मान वर केली नाही.

भावाचा चेहरा उतरेल, निदान क्षणभर उतरेल, असं मला वाटलं होतं. तो हसला. "अन् इतके दिवस सांगितलं नाही? भारी आहे गा तू! म्हणजे पहिली आपली मोठीच. बाबांच्या मनासारखं झालं." आणि उड्या मारत जिना चढून बायकोला सांगायला गेला. माझ्या खोट्यात त्याने आपला आनंद मिसळला, याचाही मला राग आला.

तो गेल्यावर बायको म्हणाली, "काहून बोलले असं?"

"आज-उद्या येईलच ना."

"अन् नाही आली तं?"

"येत नाही असं कुठं असते?"

मुलीला सांगायचं काम मी बायकोवर ढकललं. पण मुलगी सरळ माझ्याकडे आली. "बाबा, मी खोटं बोलू?"

"बोलायचं कुठं आहे? चूप बसायचं आहे."

ती चूप बसली. पाचव्या दिवशी दोघी बहिणी शेजारी शेजारी पाटावर. भावाच्या मुलीला मामाकडचा ड्रेस, माझ्या मुलीच्या खांद्यावर बाबांची साडी. तिच्या मामाला मी फोन करून येऊ दिलं नव्हतं. धानाची कापणी सुरू असेल, धावपळ करू नको, असं सांगितलं होतं. ओटी भरताना एका म्हाताऱ्या आत्याने चेष्टा केली, "काय वं, कुहीले न्हाण आलं अन् मामानं कोरड्या हातानं धाडलं? धान कापायले ठेवून घेतलं असतं तुले!" सगळ्या बायका हसल्या. माझी मुलगी काठाच्या रेशमावरून बोट फिरवत राहिली. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि मला फार बरं वाटत होतं. इतक्या वर्षांत असं बरं वाटलं नव्हतं.

पण हे खोटं एकदा बोलून भागणारं नव्हतं. आमच्या घरात त्या चार दिवसांत बाई देवघरात जात नाही, लोणच्याच्या बरणीला हात लावत नाही. भावाची बायको हे सगळं पाळणारी आणि दिवसातून दहादा खाली येणारी. तिला शंका येऊ नये म्हणून मुलीला दर महिन्याला चार दिवस तसं बाजूला बसावं लागे. दिवस बायकोने ठरवून दिले. मुलगी कोपऱ्यात अभ्यासाचं पुस्तक घेऊन बसायची. काकू येऊन डोक्यावरून हात फिरवून जायची. दोघींसाठी पॅडचे पुडे तीच आणायची. माझ्या मुलीचे पुडे न फोडता कपाटात मागे सरकत गेले.

मग तिच्या ओटीपोटात दुखू लागलं. आधी थोडं, पुढे जास्त. गुडघे पोटाशी घेऊन पडायची. कंबर धरून उठायची. भावाची मुलगी तिच्यासाठी गरम पाण्याची पिशवी घेऊन यायची आणि दोघी एकाच गादीवर आडव्या होऊन ती पिशवी आळीपाळीने घ्यायच्या. मी कामावरून आल्यावर ते बघायचो.

आता मी जे लिहितो ते लिहायला मला जड जातं. मला वाटलं, मुलगी नाटक करते आहे. आपण शिकवलेलं नाटक, पण आता जरा जास्तच. एकदा तिची बहीण वर गेल्यावर मी हळूच म्हणालो, "एवढं नाही करायचं वं, बाई. लोकांले पटलं आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं. "बाबा, मी करून नाही राहिली."

मी हसलो. एवढंच नाही, मनात असंही येऊन गेलं की, भावाच्या मुलीपेक्षा माझ्या मुलीचं दुखणं जास्त खरं वाटतं. तिथेही मी मापत होतो.

पुढे तिने आईने ठरवलेले दिवस सोडले आणि भलत्याच दिवशी कोपऱ्यात बसू लागली. मी चिडलो. "दिवस काहून बदलवले? काकूच्या ध्यानात येईल ना!"

"दुखते तेव्हाच बसते," ती म्हणाली. यात सगळं होतं. मला ऐकू आलं नाही. बायकोला थोडं आलं. ती ओवा-गूळ द्यायची आणि म्हणायची, "येणार असंल. यायच्या आधी दुखते." डॉक्टरकडे जाऊ म्हणाली, तेव्हा मी म्हणालो, "डॉक्टर पहिले पाळीचं विचारंल. काय सांगशील? अन् इथलं क्लिनिक, कोण कोण बसलं असते तिथं." ती पुन्हा ओवा आणायला उठली.

शेवटी भावाची बायकोच तिला घेऊन गेली, मला न विचारता. मी कारखान्यात होतो. क्लिनिकमधल्या डॉक्टरने विचारलं, पाळी येते का, नियमित आहे का. काकूने तिच्या वतीने छातीठोक सांगितलं, "हो, वर्ष होत आलं. अगदी वेळेवर." पोरगी तिथेही चूप बसली, कारण मी तसं शिकवलं होतं. मग डॉक्टर काय करणार? पाळीत काही मुलींना दुखतं, म्हणून गोळ्या दिल्या. मला कळलं तेव्हा मी बायकोवर ओरडलो, "माह्या पोरीले डॉक्टरकडे न्यायले वरचे लोक लागतात काय?"

गोळ्यांनी काही दिवस बरं वाटलं. नंतर बद्धकोष्ठ सुरू झालं, लघवीला वेळ लागू लागला. आणि एका सकाळी कारखान्यात बायकोचा फोन आला. यंत्रमागांच्या आवाजात मला दोनदा विचारावं लागलं.

"हिले लघवीच नाही होऊन राहिली. कालपासून. पोट दगडासारखं झालं आहे. भाऊजींनी गाडी काढली, आम्ही निघालो."

एका सोबत्याने मला मोटारसायकलवर घेतलं. वर्धा रोडवर ट्रकांच्या मधून आम्ही निघालो. रस्ताभर मी मुलीसाठी देवाला हात जोडत होतो, हे खरं आहे. आणि भाऊ माझ्या आधी पोहोचला, त्याने तिला उचलून गाडीत ठेवलं असेल, तिने त्याचा हात धरला असेल, हे मला सलत होतं, हेही खरं आहे. दोन्ही एकाच वेळी चालू होतं.

दवाखान्याच्या वऱ्हांड्यात भाऊ उभा होता. त्याच्या हातात माझ्या मुलीच्या चपला. तिला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा त्या खाली राहिल्या असतील. त्याने त्या कुठे ठेवल्या नव्हत्या, दोन्ही हातांनी धरल्या होत्या. मी पुढे होऊन त्या त्याच्याकडून घेतल्या. जवळजवळ ओढल्याच.

आत नळी घालून लघवी काढली होती. मुलीला थोडा आराम पडला होता, पण ओटीपोटातला गोळा तसाच होता. डॉक्टर बाई बाहेर आल्या. आम्ही चौघे उभे: मी, बायको, भाऊ, त्याची बायको.

"सोनोग्राफी करतोय," त्या म्हणाल्या. "शेवटची पाळी कधी आली होती?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. भावाची बायको म्हणाली, "वेळेवर येते डॉक्टर, मागच्याच आठवड्यात चार दिवस बसली होती."

"मुलगी काहीच सांगत नाही. विचारलं की दाराकडे बघते."

दाराकडे म्हणजे माझ्याकडे. अर्ध्या उघड्या दारातून मला तिचे पाय दिसत होते. मी लगेच बोललो असतो तर मला आज थोडं कमी वाईट वाटलं असतं. मी लगेच बोललो नाही. मला मुलगी दिसत नव्हती, भावाचा चेहरा दिसत होता, आणि तो कसा होईल हे मी बघत होतो. मग आतून ती कण्हली. ते नाटक नव्हतं, कधीच नव्हतं, हे मला तेव्हा एकदम कळलं.

"आली नाही," मी म्हणालो. "एकदाही आली नाही. वर्षभर आम्ही खोटं सांगत होतो. मी सांगत होतो."

डॉक्टर बाई माझ्याकडे बघत राहिल्या. "वर्षभर?" एवढंच विचारलं आणि झटकन आत गेल्या.

भावाची बायको मटकन बाकावर बसली. "अन् मी डॉक्टरले सांगून आली की वेळेवर आहे," ती म्हणाली. "माह्या तोंडानं सांगून आली."

बऱ्याच वेळाने डॉक्टर बाईंनी आम्हाला बसवून समजावलं. योनिमार्गाच्या तोंडाशी एक पातळ पापुद्रा असतो. त्यात वाट असते. काही मुलींच्यात तो जन्मापासून पूर्ण बंद असतो. लहानपणी काही कळत नाही. पाळी सुरू झाली की रक्त बाहेर येऊ शकत नाही, दर महिन्याला आतच साठत जातं. तोच गोळा. त्याने लघवीची वाट दाबली. छोटी शस्त्रक्रिया करून वाट मोकळी करता येते.

"म्हणजे तिला पाळी आलीच नाही असं नाही," त्या म्हणाल्या. "येत होती. दर महिन्याला येत होती. फक्त दिसत नव्हती. पाळी न येता महिन्याच्या महिन्याला दुखतं, एवढं कोणी सांगितलं असतं तर केव्हाच लक्षात आलं असतं."

बायकोने पदर तोंडाला लावला. "पुढं लग्नाले, लेकराले काही..."

"सगळं नीट होईल. आधी तिला बरी होऊ द्या."

आणि इथे मी जे केलं ते करायला कोणी सांगितलं नव्हतं, कोणाला कळलंही नसतं. पण एका माणसाला कळलं. मी डॉक्टर बाईंना विचारलं, "किती महिन्यांचं असंल? म्हणजे, सुरू कधी झालं ते नक्की सांगता येईल का?"

त्यांना वाटलं, बापाला काळजी आहे, आत काही इजा झाली असेल का याची. त्या मायेने म्हणाल्या, नक्की महिना सांगता येत नाही, पण साठलेल्या रक्तावरून बरेच महिने झाले असणार, घाबरू नका.

बरेच महिने. मी मनात मागे मागे जात होतो. दिवाळीपर्यंत. दिवाळीच्याही मागे. तर मग आधी आमचीच. तर मग ते खोटं नव्हतंच. तर मग साडी आमचीच.

मान वळवली तर भाऊ माझ्याकडे बघत होता. लहानपणापासून एका ताटात जेवलेला माणूस. मी काय मोजतोय ते त्याला सांगावं लागलं नाही.

"झाली गा पहिली," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "तुहीच पहिली. आता आत जाऊन बस तिच्याजवळ."

मी आत गेलो. चपला हातातच होत्या. पलंगाखाली ठेवल्या. तिने विचारलं, "सांगितलं?"

"हो."

तिने डोळे मिटून मोठा श्वास सोडला. मला वाटलं, दुखतंय. नंतर बायको म्हणाली, नाही, तिला सुटल्यासारखं वाटलं.

शस्त्रक्रिया त्याच दिवशी झाली. साठलेलं रक्त काळपट, डांबरासारखं घट्ट होतं, असं भावाच्या बायकोने पाहिलं आणि सांगितलं. मी पाहिलं नाही. मुलगी दोन-चार दिवसांत हिंडू-फिरू लागली. पुढच्या महिन्यात पाळी आली, कपाटातला पहिला पुडा फुटला. ते तिने आधी वर जाऊन सांगितलं. आम्हाला नंतर. कोणी पाट मांडला नाही. काकूने शिरा करून पाठवला, तो आमच्यापेक्षा चांगलाच होता.

त्याच सुमारास एका दुपारी ती साडी घेऊन माझ्यासमोर आली. मी ओळखलं, ती आता बहिणीला देणार. मीच पुढे होऊन म्हणालो, "वर नेऊन दे. तिचा हक्क आहे."

"तिले विचारलं. ती म्हणते नको."

"मग तू ठेव."

"मलेही नको." तिने साडी माझ्या मांडीवर ठेवली. रागाने नाही, कोणाची विसरलेली वस्तू परत करावी तशी. "तुम्हालेच पाहिजे होती, बाबा. तुम्ही ठेवा."

ती आत जाऊन पडली. मी साडी उलगडली. पदराशी आलो. भावाने विणलेली चार बोटं कुठे सुरू होतात ते शोधू लागलो. यंत्रमागावर इतकी वर्षं काढलेला माणूस मी. कापडातला दोष हाताने ओळखतो. अंगठा फिरवून फिरवून बघितलं. बाबांचं कुठे संपतं आणि त्याचं कुठे सुरू होतं, सापडेना.

तेवढ्यात भाऊ खाली आला, पोरीची तब्येत बघायला. माझ्या मांडीवर साडी बघून थांबला. त्या दिवसानंतर आम्ही कामापुरतंच बोलत होतो.

मी विचारलं, "यातलं तुहं कोणतं?"

तो शेजारी बसला. खिशातला चष्मा काढून लावला, पदर उजेडाकडे धरला, पुन्हा खाली घेतला, उलटा करून पाहिला.

"मलेही नाही सापडून राहिलं गा," तो म्हणाला.

चष्मा काढून तो उठला आणि आत तिच्याकडे गेला. त्याने काही तरी म्हटलं आणि माझी मुलगी खळखळून हसली. काय म्हणाला ते मला बाहेर ऐकू आलं नाही. मी साडीची घडी घालू लागलो. ती नीट बसेना, पुन्हा मोडून पहिल्यापासून घालू लागलो, आणि सगळा वेळ कान आतल्या हसण्याकडे होते.